थंडीची आगोट

मुलांनो, आजच्या धड्यातला पहिला शब्द तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकला असेल. शब्द आहे ‘आगोट’. कोकणात मे महिन्याच्या अखेरीस, मृग नक्षत्र लागण्याच्या आधी, घराघरांतून जी धांदल चालते ती आगोटीची तयारी. छपरावर चढून फुटकी कौले बदलायची, सरकलेली नीट बसवायची. याला ‘घर शाकारणे’ म्हणतात. वाऱ्याबरोबर पाऊस पडवीत येऊ नये म्हणून नारळाच्या झावळ्या विणून त्यांचे झाप बांधायचे. लाकूडफाटा कोरडा आहे तोवर आत रचायचा. मीठ, मिरची, पापड, सुकी मासळी भरून ठेवायची. या साठवणीला ‘बेगमी’ म्हणतात. एकदा पाऊस लागला की छपरावर चढता येत नाही आणि ओले लाकूड पेटत नाही. म्हणून जे करायचे ते आधी.

आपण शिकागोच्या आसपास राहतो. आपल्याकडे आगोट येते ती ऑक्टोबरात, आणि ती पावसाची नसून थंडीची असते. दिवाळीचा आकाशकंदील लावायला बाबा शिडी काढतात ना? त्याच शिडीवरून आणखी दोन कामे करून घ्यायची, एवढेच या धड्याचे सांगणे आहे. पण ती कामे का करायची हे कळले नाही तर ती राहून जातात. आमचीही राहिली होती. ती हकीकत पुढे येईलच.

आधी थंडी म्हणजे किती थंडी ते पाहू. नाशिकजवळच्या निफाडला पारा ५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला की मराठी वर्तमानपत्रांत ‘राज्याला हुडहुडी’ असे मथळे येतात. ५ अंश सेल्सिअस म्हणजे ४१ अंश फॅरनहाइट. आपल्याकडे जानेवारीत असा दिवस उजाडला तर तुम्ही कोट न घालता सायकल काढता! शिकागोच्या नोंदींतली सगळ्यांत मोठी थंडी २० जानेवारी १९८५ची, शून्याखाली २७ फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली ३३ सेल्सिअस. ३० जानेवारी २०१९ला पारा शून्याखाली २३ फॅरनहाइटपर्यंत गेला होता. तो दिवस तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल, विचारून पाहा. अशा थंडीत घर हे नुसते राहण्याचे ठिकाण नसते, तो खराखुरा निवारा असतो.

आता कामाला लागू. पहिले काम फटी शोधण्याचे. याला हत्यार लागते एकच, आणि ते प्रत्येक मराठी घरात देवापाशी असते : उदबत्ती. वारा सुटला असेल अशा दिवशी उदबत्ती पेटवा (मोठ्यांना बरोबर घेऊन, आणि पडद्यांपासून लांब) आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर फट नाही. धूर आडवा झाला, थरथरला, तर तिथून वारा येतो. दाराचा उंबरठा, भिंतीतली विजेची बटणे, तळघरात भिंत आणि छत मिळतात ती कड, माळ्यावर जाण्याचे झाकण, हे सगळे तपासा. खिडकीच्या काचेला ‘तावदान’ म्हणतात. तावदान पक्के असते. वारा येतो तो तावदान आणि चौकट यांच्या मधून, किंवा चौकट आणि भिंत यांच्या मधून. तिथे दुकानात मिळणारी लांबी किंवा फोमची पट्टी भरायची. जुन्या खिडक्यांवर आतून पातळ प्लॅस्टिक ताणून लावतात आणि केस वाळवायच्या यंत्राने त्यावर गरम हवा सोडतात, की ते कापडी तंबूसारखे ताठ होते. हे काम मुलांना फार आवडते, असा आमचा अनुभव आहे. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावावी. ती येईपर्यंत आजीच्या गोधडीची वळकटी चालते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिकागो शहराच्या नियमाप्रमाणे १५ सप्टेंबर ते १ जून या काळात, जिथे घरमालकाच्या हाती तापवण्याची व्यवस्था असते तिथे, त्याला दिवसा निदान ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट ऊब द्यावीच लागते. नवीन आलेली पुष्कळ मंडळी ‘इथे थंडी असतेच’ असे म्हणून स्वेटरवर स्वेटर चढवतात आणि गप्प बसतात. गप्प बसू नये. (घर ६८ अंशांवर आहे की नाही हे आपले खोबरेल तेल सांगू शकत नाही. ते ७६ अंशांच्या खाली गोठते, म्हणजे आपल्या घरांत ते हिवाळाभर घट्टच असते. बाटली गोठली म्हणून आजी काळजी करू लागल्या तर त्यांना हे समजावून सांगा.)

आता पाण्याकडे वळू. इथे जरा जास्त थांबायचे आहे.

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही आकसते, पण ३९ अंश फॅरनहाइटपर्यंतच. त्याहून थंड झाले की ते उलट फुगू लागते, आणि ३२ अंशांना गोठून बर्फ झाले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो, आणि म्हणूनच फ्रीजरमध्ये ठेवलेली भरलेली बाटली फुटते. आता नळाच्या पाइपात काय होते ते पाहा. बाहेरच्या भिंतीतला पाइप एका जागी गोठतो. तिथे बर्फाचे बूच बसते. बूच वाढू लागले की ते पुढच्या पाण्याला ढकलते, पण पुढे तोटी बंद असते. पाण्याला जायला जागा नाही. दाब वाढत वाढत जातो आणि पाइप फाटतो. गंमत अशी की पुष्कळदा तो बर्फ असतो तिथे फाटत नाही, तर बूच आणि तोटी यांच्या मधे कुठेतरी फाटतो. आणि फाटला तरी लगेच कळत नाही, कारण बर्फाने वाट अडवलेली असते. थंडी ओसरते, बर्फ वितळतो, आणि मग पाणी धो धो वाहू लागते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. २०१३च्या डिसेंबरात आम्ही घरातल्या एका लग्नासाठी चार आठवडे भारतात गेलो. रिकाम्या घराला कशाला ऊब, असा हिशेब करून थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवला. स्वयंपाकघरातले सिंक उत्तरेच्या भिंतीला, त्याखालच्या कपाटाची दारे बंद. ६ जानेवारी २०१४ला शिकागोचा पारा शून्याखाली १६ फॅरनहाइटपर्यंत उतरला. आम्ही तेव्हा सांगलीत जेवणावळीत बसलो होतो. चार-पाच दिवसांनी थंडी ओसरली, आणि एका रात्री साडेअकराला फोन वाजला. इकडे तेव्हा दुपारचे बारा. शेजारच्या बाईंना आमच्या मागच्या दाराखालून पाणी येताना दिसले होते.

आपल्या वर्गातल्याच एका पालकांकडे किल्ली होती. ते धावत गेले. पण पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही फोनवर नीट सांगता येईना. ‘तळघरात, डाव्या हाताला’, ‘नाही नाही, पायऱ्या उतरल्यावर उजव्या’. वीस-पंचवीस मिनिटे अशी गेली. तळघरात तोवर घोट्याच्या वर पाणी होते.

आणि तळघरात काय होते? आपल्या शाळेचे ग्रंथालय. तेव्हा वर्ग भरायचा त्या हॉलमध्ये कपाट नव्हते, म्हणून पुस्तके आमच्याकडे असत, खोक्यांत, जमिनीवर. ‘किशोर’चे आणि ‘चांदोबा’चे जुने अंक, बालभारतीची पाठ्यपुस्तके, कुणाच्या आजोबांनी नाव घालून दिलेल्या गोष्टींच्या मालिका. प्रत्येक घराने आपल्या सामानातले दोन-चार पौंड वजन सोडून आणलेली ही पुस्तके. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटली की ती सुटत नाहीत. मोठ्या वर्गातल्या मुलांनी दोन शनिवार बसून केस वाळवायच्या यंत्रांनी एकेक पान सोडवले. वाचली ती सत्तावीस पुस्तके. आपल्या कपाटातल्या काही पुस्तकांची पाने लाटांसारखी का आहेत असे तुम्ही विचारता ना, ती हीच. आणि सगळ्यांत खालचा कप्पा आम्ही आजही रिकामा का ठेवतो, तेही आता कळेल.

विमा कंपनीने विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘घर किती अंशांवर ठेवले होते?’ पालकांनो, डिसेंबरात भारतात जाण्याआधी हे वाक्य आठवावे. रिकामे घर निदान ५५ अंशांवर ठेवावे, शक्य तर मुख्य कॉक बंद करून नळ सोडून द्यावेत, आणि किल्ली ज्यांच्याकडे देऊ त्यांना कॉक हाताने दाखवून ठेवावा. तापमान २० अंश फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोहोचते, आणि तो नळ रात्रभर बारीक ठिबकू द्यावा. ठिबकण्याने पाणी वाया जाते हे खरे. आपल्याला लहानपणापासून ‘नळ घट्ट बंद कर’ असे शिकवलेले, त्यामुळे हात आखडतो. पण वाहत्या थेंबाने दाबाला वाट मिळते. बागेतला नळीचा पाइप तर ऑक्टोबरातच काढून ठेवावा. तो तसाच जोडलेला राहिला तर बाहेरच्या तोटीत पाणी अडकते आणि न गोठणारी म्हणून विकत घेतलेली तोटीसुद्धा फुटते.

इथे थोडे व्याकरण नाही, पण शब्दांचे काम करू. मराठीत पाणी किती तऱ्हांनी बाहेर येते पाहा. नळ ‘ठिबकतो’ : थेंब थेंब, मोजता येईल असा. छप्पर ‘गळते’. भिंतीतून ओल ‘झिरपते’, ती येताना दिसत नाही, आल्यावर कळते. खडकातून किंवा मडक्यातून पाणी ‘पाझरते’. आणि पाइप फुटला की पाणी ‘उसळते’. घरात नेमके काय चालले आहे हे फोनवर सांगताना यातला योग्य शब्द वापरलात तर ऐकणारा किती घाईने यायचे ते ठरवू शकतो.

आता छपराकडे. कौलारू घराचे छप्पर भिंतीच्या पुढे आलेले असते, त्या कडेला ‘वळचण’ म्हणतात. वळचणीवरून पावसाच्या पाण्याच्या ज्या धारा पडतात त्या ‘पागोळ्या’, आणि ते पाणी गोळा करून नेणारी ती ‘पन्हळ’. हे तीन शब्द भारतातल्या शहरांतून आता ऐकू येईनासे झाले आहेत, कारण सिमेंटच्या इमारतींना वळचणच नसते. पण आपल्या इथल्या प्रत्येक घराला वळचण आहे! तेव्हा हे शब्द सांभाळायचे तर आपणच.

हिवाळ्यात वळचणीला बर्फाच्या लांबच लांब पागोळ्या लटकतात. दिसतात सुंदर, पण त्या एक चुगली करत असतात. घरातली गरम हवा माळ्यावर चढते, छप्पर आतून तापते, त्यावरचा बर्फ वितळून पाणी खाली घरंगळते. वळचणीखाली मात्र घर नाही, तिथे छप्पर थंडच. मग ते पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठते आणि तिथे बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारे पाणी बांधामागे तुंबते, छपराच्या आवरणाखाली शिरते आणि तुमच्या खोलीच्या छतावर तपकिरी डाग उमटतो. हा बांध हातोडीने फोडायला जाऊ नये. छप्पर फुटते आणि बाबाही पडतात. खरा उपाय माळ्यावर आहे : तिथले इन्सुलेशन पुरेसे हवे, वर जाण्याच्या झाकणाची फट बुजवलेली हवी आणि माळ्यावर बाहेरची थंड हवा खेळती हवी. ऐकायला उलटे वाटते, पण माळा थंड असला की घर सुखी. शिवाय पाने गळून संपली की पन्हळ साफ करावी. पाने अडकलेल्या पन्हळीत वितळलेले पाणी तुंबते आणि तिथेच गोठते.

भट्टीबद्दल, म्हणजे आपल्या तळघरातल्या फर्नेसबद्दल, थोडक्यात : थंडी पडण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यावी, फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलावा, आणि गरम हवा येण्याच्या जाळीवर सोफा, गालिचा किंवा वाळत घातलेले कपडे ठेवू नयेत. आपल्याकडे शेवटचा नियम रोज मोडला जातो हे आम्हांला माहीत आहे. कुकरच्या शिट्ट्या होताना तावदानांवर पाणी धरते तेव्हा गॅसवरचा पंखा लावावा. ते पाणी चौकटीत मुरून बुरशी येते.

पण भट्टीची एक गोष्ट थोडक्यात सांगून भागणार नाही. आमच्या मुलांची आजी पहिल्यांदा इकडे आली तो नोव्हेंबर होता. दोन शाली, पायांत मोजे आणि वर कानटोपी घालूनही तिची थंडी जाईना. एक दिवस तिने गॅरेजमध्ये उन्हाळ्यातली बार्बेक्यूची शेगडी आणि शेजारी कोळशाचे पोते पाहिले. ‘अगं, एवढी शेगडी आहे आणि तुम्ही कुडकुडत बसता? आत आणा की, कोपऱ्यात ठेवू.’ तिचे म्हणणे तिच्या घरापुरते बरोबर होते. तिच्या माहेरच्या वाड्यात थंडीत शेगडी पेटायचीच. पण त्या वाड्याला कौले होती, कौलांखाली फटी होत्या, चौकाला छप्परच नव्हते. धूर आणि वायू वर निघून जायचा. आणि आपण? आपण तर या धड्याच्या सुरुवातीपासून फटी बुजवत आलो आहोत!

कोळसा, लाकूड किंवा गॅस पुरत्या हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला धरून ठेवते, मग प्राणवायूला जागा उरत नाही. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, झोप येते. सर्दीतापासारखे वाटते, पण ताप नसतो, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच वाटते. बाहेर गेले की बरे वाटते. अशा वेळी घरात खिडक्या उघडत बसू नये. सगळ्यांनी, आजीआजोबांना हाताला धरून, बाहेर पडावे आणि बाहेरून ९११ला फोन करावा.

म्हणून शेगडी घरात नाही, गॅरेजमध्येही नाही. खोली तापवायला गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवायचा नाही. गॅरेजचे दार उघडे असले तरी आत मोटार गरम करत ठेवायची नाही. नव्या भट्ट्यांचा धूर घराच्या कडेच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून बाहेर पडतो. मोठा बर्फ पडला की त्याचे तोंड मोकळे करायचे, अंगण साफ करण्याच्याही आधी. शिकागोने १९९४मध्ये आणि इलिनॉय राज्याने २००७पासून घरांत कार्बन मोनॉक्साइडची घंटा बंधनकारक केली आहे. ती प्रत्येक झोपण्याच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत हवी. फोडणीचा धूर झाला की वाजते म्हणून पुष्कळ घरांत धुराच्या घंटेची बॅटरी काढून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. हिवाळाभर तरी असे करू नका. घंटा जुनी होते. तिच्या पाठीमागे छापलेली तारीख पाहा.

आजीला आम्ही शेवटी तिच्या खोलीत तेलाचा विजेवरचा हीटर आणून दिला. ‘याला ना जाळ ना निखारा, बघून ऊब वाटत नाही’ असे ती म्हणाली. तरी वापरला.

अंगणात टाकायच्या मिठाचे एवढेच. मीठ पाण्यात ‘विरघळते’ आणि बर्फ उष्णतेने ‘वितळतो’. बोलताना आपण बर्फ विरघळला असेही म्हणून जातो, पण लिहिताना हा फरक ठेवावा. साधे मीठ सुमारे १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसे काम करत नाही. त्यापुढे कॅल्शियम क्लोराइड लागते. शिकागो शहरात घरापुढची पायवाट मोकळी करणे कायद्याने घरमालकाचे काम आहे : दिवसा पडलेला बर्फ रात्री १०पर्यंत, रात्री पडलेला सकाळी १०पर्यंत. फावड्याने बर्फ उचलणे हृदयाला जड जाते. ज्या बाबांना किंवा आजोबांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी ते करू नये, मोठ्या मुलांनी करावे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातला पाण्याचा मुख्य कॉक शोधा. आईबाबांच्या देखत तो एकदा बंद करून पुन्हा उघडा. त्याला एक लाल दोरा किंवा राखी बांधा.

२. तो कॉक कुठे आहे हे घर न पाहिलेल्या माणसाला फोनवर सांगायचे आहे. पाच वाक्यांत लिहा. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘पायऱ्या उतरल्यावर’, ‘समोर’ हे शब्द आले पाहिजेत.

३. आजीला किंवा आजोबांना फोन करा आणि पावसाळ्याआधी त्यांच्या घरी काय काय तयारी होत असे ते विचारा. आगोट, शाकारणे, बेगमी, वळचण, पन्हळ यांतला कोणता शब्द त्यांच्याकडे वापरत, आणि कोणत्या शब्दाऐवजी त्यांचा वेगळा शब्द होता?

४. उदबत्तीने सापडलेल्या फटींचे घराच्या नकाशावर ठिपके काढून आणा. पुढच्या रविवारी आपण सगळ्यांचे नकाशे भिंतीवर लावू. जास्तीत जास्त फटी ज्याच्या घरी सापडतील त्याच्या घरी मोठ्या वर्गातली मुले लांबी भरायला येतील. चहा-पोहे त्या घराकडून.